साबणाचा न जुळलेला हिशेब

पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे पुणेकरांच्या एनसीएलचे, पहिले संचालक परदेशी होते हे आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी या प्रयोगशाळेचे उद्घाटन केले आणि तिची सूत्रे जेम्स विल्यम मॅकबेन यांनी सांभाळली. जन्म कॅनडातला, नाव झाले इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये, निवृत्ती अमेरिकेतल्या स्टॅनफर्डमधून. आणि साठी उलटून गेल्यावर मुक्काम पुण्यात. १९५२ मध्ये त्यांनी हे पद सोडले आणि पुढच्याच वर्षी ते वारले. त्यांच्या जागी आलेले जॉर्ज फिंच हे १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन चढलेले गिर्यारोहक. अशा माणसापुढे मॅकबेन यांची आठवण मागे पडली तर नवल नाही. त्यांचा विषयही तसा बेचवच होता. त्यांनी आयुष्यभर साबणाचे पाणी मोजले.

ही आठवण आज काढायचे कारण वेगळे आहे. रसायनशास्त्रात सध्या संगणकीय सिम्युलेशनचा बोलबाला आहे. पाण्यात विखुरलेली मेदाम्ले हळूहळू एकमेकांना चिकटतात, त्यांचे गोळे होतात, गोळ्यांचे पापुद्रे आणि पापुद्र्यांच्या पिशव्या होतात, अशा रंगीत चित्रफिती पाहिल्या की आता यातले सगळे उमगले असे वाटू लागते. आमचे म्हणणे असे की या विषयातले प्रत्येक मोठे पाऊल दोन मोजमापांचे आपसात जमेना म्हणून पडले. संगणकालाही असा भांडणारा जोडीदार हवा. तो नसेल तर त्याने काढलेले चित्र कितीही देखणे असो, ते चित्रच राहते.

मेदाम्ल म्हणजे काय हे कळायलाच एकोणिसावे शतक उजाडावे लागले. पॅरिसमध्ये मिशेल शेव्हरूल यांनी १८११ च्या सुमारास डुकराच्या चरबीपासून केलेला साबण तपासायला घेतला आणि १८२३ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ लिहून काढला. चरबी हा एकच पदार्थ नाही, ती ग्लिसरीन आणि काही आम्ले यांची जोडणी आहे. अल्कलीने ती जोडणी तुटते आणि मागे उरतात ते त्या आम्लांचे क्षार, म्हणजेच साबण, हे त्यांनी दाखवले. स्टिअरिक आणि ओलेइक ही नावे त्यांच्याच कामातून आली. पुढे हा गृहस्थ १०२ वर्षे जगला. या दोन आम्लांतला फरक कोकणात हाताला कळतो. कोकमाच्या बियांपासून काढलेले भिरंडेल मुठीत वळून ठेवता येते आणि थंडीत टाचांना चोळताना अंगच्या उबेने वितळते, कारण त्यात स्टिअरिक आम्लाचा वाटा मोठा. शेंगदाण्याचे तेल बरणीत पातळच राहते, कारण त्यात ओलेइक आणि लिनोलेइक आम्ले भरपूर. स्टिअरिक काय नि ओलेइक काय, दोन्हींत कार्बन १८ च. ओलेइकच्या शेपटीत मधोमध एक दुहेरी बंध असतो आणि त्यामुळे शेपटी वाकते. तेवढ्या एका वाकणापायी शुद्ध स्टिअरिक आम्ल ६९ अंशांच्या आसपास वितळते, तर ओलेइक १३ अंशांनाच.

शेपटी तेलाची आणि डोके पाण्याचे, असा हा दुटप्पी रेणू. डोक्याशी दोन ऑक्सिजन असतात; पाण्यात अल्कली असेल तर तिथला हायड्रोजन निघून जातो आणि डोक्यावर ऋण भार येतो. अशा रेणूचे पाण्यात काय होते, हा प्रश्न आधी पाण्याच्या पृष्ठभागावर सुटला आणि पाण्याच्या पोटात बराच उशिरा.

पृष्ठभागाची गोष्ट तशी प्रसिद्ध आहे. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनजवळच्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतले आणि अर्ध्या एकरावरचे पाणी आरशासारखे गुळगुळीत झाल्याचे १७७४ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, साधारण दोन हजार चौरस मीटर. पाच मिलिलिटर तेल तेवढ्यावर पसरले तर थराची जाडी अडीच नॅनोमीटर येते. जवळजवळ एका रेणूची उंची. फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. तो करायला शंभरावर वर्षे जावी लागली आणि तेव्हाही निर्णायक काम झाले ते एका स्वयंपाकघरात. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या ॲग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठाची दारे बंद होती. आजारी आईवडिलांचे करता करता त्यांनी ७० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद असे पत्र्याचे पन्हळ बनवले, ते पाण्याने काठोकाठ भरले आणि वर पत्र्याची एक पट्टी आडवी टाकली. पट्टी सरकवली की पृष्ठभाग लहानमोठा होतो. पाण्यावर टेकवलेली बारीक चकती उचलायला किती जोर लागतो हे तराजूने बघायचे, की पृष्ठताण मिळाला. तेलकट थर एका ठराविक क्षेत्रफळापर्यंत आवळला तरी पृष्ठताणात फरक पडत नाही, आणि त्यापुढे तो झपकन उतरतो, हे त्यांनी टिपून ठेवले. १८९१ च्या जानेवारीत त्यांनी लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. रॅले यांनी त्याचा अनुवाद घरात करवून घेऊन ते ‘नेचर’ला पाठवले आणि मार्चमध्ये ते छापून आले. ते त्यांनी पाठवले नसते, तर आज इर्व्हिंग लँगम्यूर यांच्या नावाने ओळखले जाणारे हे पन्हळ कदाचित कुणाला ठाऊकच झाले नसते. लँगम्यूर यांनी १९१७ मध्ये त्याच युक्तीने मोजून दाखवले की शेपटी आखूड असो वा लांब, प्रत्येक मेदाम्ल पृष्ठभागावर सारखीच जागा अडवते, सुमारे ०.२ चौरस नॅनोमीटर. म्हणजे रेणू आडवे लोळत नाहीत. डोके पाण्यात रोवून उभे राहतात.

पृष्ठभागावर दाटी झाल्यावर उरलेले रेणू पाण्याच्या आत काय करतात? इथे मॅकबेन येतात.

मीठ पाण्यात विरघळले की एका मिठाचे दोन कण होतात. साबण हाही सोडियमचा क्षार, तेव्हा त्याचेही दोन व्हायला हवेत. पाण्यात किती कण सुटे आहेत हे मोजायची जुनी रीत अशी की विरघळलेल्या कणांमुळे पाण्याचा उत्कलनबिंदू किती चढतो ते पाहायचे. हायडेलबर्गमध्ये क्राफ्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते पाहिले आणि साबणाच्या दाट द्रावणाचा उत्कलनबिंदू फारसा चढतच नाही असे निघाले. म्हणजे कण सुटे नाहीत, एकमेकांना चिकटून बसले आहेत, असे म्हणावे लागले. मॅकबेन यांचा आक्षेप व्यवहारी होता: साबणाचे पाणी उकळताना फेस होतो, फेसात हवा अडकते आणि त्या हवेपायी मापनच बिघडते. बरे, गोठणबिंदू मोजावा, तर पाणी गोठायच्या आधी साबणच बाहेर पडतो. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मग दवबिंदूचा मार्ग धरला. द्रावणावरच्या बंद हवेत एक चकचकीत पृष्ठभाग हळूहळू थंड करत न्यायचा आणि त्यावर पहिले दव कोणत्या तापमानाला धरते ते डोळ्यात तेल घालून पाहायचे. शुद्ध पाण्याच्या मानाने दव जितके उशिरा, तितके द्रावणात कण जास्त. फेस नाही, उकळी नाही. अंशाच्या बारीक भागांवर हिशेब, आणि एका साबणाच्या अनेक तीव्रतांसाठी तोच खटाटोप पुन्हा पुन्हा.

या मार्गानेही उत्तर तेच आले. दाट द्रावणात कण कमी. मात्र त्याच द्रावणाची विद्युतवाहकता मोजली तर ती भक्कम निघे. वीज वाहून न्यायला भारित कण लागतात. आयन गोळा होऊन बसले असतील तर वीज न्यायची कुणी? कणमोजणी सांगत होती की गर्दी झाली आहे, आणि वीज सांगत होती की सगळे मोकळे फिरत आहेत. बहुतेक जण अशा वेळी एक मापन चुकीचे ठरवून मोकळे होतात. मॅकबेन यांनी दोन्ही खरी मानली. १९१३ मध्ये लंडनच्या एका चर्चेत त्यांनी मांडले की भारित आयन भारासकटच एकत्र येतात. दहा आयनांचा गोळा झाला तर भार दहापट होतो, पण गोळ्याची त्रिज्या दुपटीच्या जरा वर जाते. पाण्याचा अडथळा त्रिज्येनुसार वाढतो, म्हणून तो गोळा सुट्या आयनाहूनही बरी वीज वाहतो. ऋण भार असलेले रेणू आपणहून एकमेकांना खेटून उभे राहतील ही कल्पना ऐकणाऱ्यांना खुळचट वाटली आणि तिथल्या तिथे ती उडवून लावली गेल्याची आठवण या क्षेत्रात अजून सांगतात. आज त्या गोळ्याला आपण मिसेल म्हणतो आणि शाळेच्या पुस्तकात त्याचे गोल चित्र असते.

ब्रिस्टलमध्ये मॅकबेन यांना १९१९ मध्ये मिळालेले प्राध्यापकपद लॉर्ड लेव्हरह्युम यांच्या नावाचे होते, म्हणजे ज्यांचा सनलाइट साबण १८८८ मध्येच कलकत्त्याच्या गोदीत उतरला होता त्यांच्याच. त्यांच्या कंपनीचा शिवडीचा कारखाना १९३४ चा. धंद्याला शास्त्राची गरज असते तेव्हा पैसा कसा झटकन मिळतो याचे हे जुने उदाहरण.

पण मिसेलचे ते गोल चित्र मॅकबेन यांचे नव्हे. दाट द्रावणातला मिसेल हा चवडीसारखा, थरावर थर असलेला असावा असे त्यांना वाटे आणि क्ष-किरणांच्या पट्ट्यांत त्यांना त्याचा पुरावा दिसे. गोल आणि आतून द्रव अशा मिसेलचा आग्रह धरला जी. एस. हार्टली यांनी, १९३६ च्या एका छोट्या पुस्तकात. साबणाच्या पातळ द्रावणांपुरते हार्टली बरोबर निघाले. गर्दी आहे हे ज्यांनी अचूक मोजले, त्यांचेच गर्दीच्या आकाराबद्दलचे चित्र चुकले. चित्र आणि मोजमाप यांच्यातली ही तफावत पुढेही वारंवार भेटते.

गर्दी का होते, याचे उत्तर पाण्यात आहे, तेलात नाही. तेलाची शेपटी आणि पाणी यांच्यात वैर नसते; थोडे आकर्षणच असते. पण पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ त्याहून कितीतरी जास्त. शेपटीभोवती बसणाऱ्या पाण्याच्या रेणूंना हालचालीचे स्वातंत्र्य गमवावे लागते. शेपट्या एकत्र आल्या की त्या पाण्याची सुटका होते. १९५९ मध्ये वॉल्टर कॉझमन यांनी प्रथिनांच्या संदर्भात हे ठसवले आणि चार्ल्स टॅनफर्ड यांनी १९७३ च्या पुस्तकात मेदाम्लांसकट सगळा हिशेब मांडला. टॅनफर्ड यांची सूत्रे कागदावर सोडवता येतात. १२ कार्बनची शेपटी पूर्ण ताणली तर सुमारे १.६७ नॅनोमीटर लांब; तिचे आकारमान साधारण ०.३५ घन नॅनोमीटर. गोळ्याची त्रिज्या शेपटीपेक्षा मोठी असू शकत नाही, नाहीतर मधोमध पोकळी राहील. त्या त्रिज्येच्या गोळ्यात मावतात ५६ शेपट्या. प्रयोगात १२ कार्बनच्या नेहमीच्या डिटर्जंटसाठी साठाच्या आसपास आकडा येतो. संगणक नाही, प्रयोगशाळा नाही, आणि उत्तर इतके जवळ! या विषयात सिम्युलेशनला स्वतःची गरज पटवून द्यावी लागते ती या पार्श्वभूमीवर.

ती पटवायला सुरुवात केली एका हैदराबादी माणसाने. अनीसुर रहमान यांनी अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत १९६४ मध्ये द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू संगणकात सोडले. (प्रयोगशाळा आरगॉन आणि मूलद्रव्यही आरगॉन, हा निव्वळ योगायोग.) प्रत्येक अणूवर शेजाऱ्यांचे बल किती ते काढायचे, न्यूटनच्या नियमाने तो किती सरकेल ते ठरवायचे, सगळे अणू तेवढे सरकवायचे, पुन्हा बल काढायचे, पद्धत एवढीच. त्यांनी निकाल आधी मोजून ठेवलेल्या आकड्यांशी ताडला, म्हणून त्या लेखाचा दबदबा झाला. १९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू असेच चालवले. पाणी संगणकात आले तेव्हा मेदाम्ल येणार हे ठरलेलेच होते.

ते आले १९८६ आणि १९८८ मध्ये, दोन वेगळ्या गटांच्या हातून आणि दोन्ही वेळा सोडियम ऑक्टॅनोएटच्या रूपाने: आठ कार्बनचे, आखूड शेपटीचे, कारण लांब शेपटी परवडणारी नव्हती. मिसेलमध्ये रेणू १५, आणि मिसेल आयता. सुरुवातीलाच गोळा करून ठेवलेला. चालवला तोही पिकोसेकंदांच्या हिशेबात, म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात. तरीही त्या इवल्या गोळ्याने एका वादात साक्ष दिली. १९७९ मध्ये फ्रेड मेंगर यांनी पुस्तकातल्या नीटनेटक्या मिसेलवर हल्ला चढवला होता: शेपट्या सायकलच्या आऱ्यांसारख्या केंद्राकडे सरळ जात नाहीत, पृष्ठभाग खडबडीत असतो, पाणी आत शिरते. संगणकाचा कौल वाटून पडला. शेपट्यांची टोके खरोखरच सगळीकडे भटकतात, काही तर पृष्ठभागाशी पाण्याला लागून असतात आणि गोळा गोल कमी, दबका जास्त. मात्र गाभ्यात पाणी जवळपास शिरत नाही. सिम्युलेशनची या विषयातली सर्वांत चांगली कामगिरी कोणती असे विचारले, तर आम्ही हीच सांगू, कारण इथे समोर निश्चित प्रश्न होता.

आयता नव्हे, आपोआप बनणारा मिसेल दिसायला आणखी काळ लागला. २००० मध्ये ग्रोनिंगनच्या गटाने मेदाम्लांच्या नात्यातले रेणू पाण्यात विस्कटून टाकले आणि ते स्वतःहून गोळा होताना दाखवले. तोवर हिशेबाची अडचण सगळ्यांना नीट कळली होती. सिम्युलेशनचे एक पाऊल साधारण २ फेम्टोसेकंदांचे असते. एक मायक्रोसेकंद गाठायला ५० कोटी पावले. आणि मिसेलचा संसार संथ आहे. ॲनियन्सन आणि वॉल यांनी १९७४ मध्ये मांडले तसे, एखादा रेणू मिसेलमधून बाहेर पडून दुसरा आत येणे मायक्रोसेकंदांत होते, पण अख्खा मिसेल मोडणे किंवा नवा जुळणे याला मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. दुसरी अडचण पाण्याची. मिसेल होऊ लागण्याची तीव्रता शेपटीत एक कार्बन वाढला की साधारण निम्म्यावर येते. लिटरला शंभरावा मोल इतके विरळ द्रावण घेतले तर एका साबणरेणूमागे पाण्याचे साडेपाच हजार रेणू. साठ साबणरेणूंचा एक मिसेल हवा तर पाण्याचे सव्वातीन लाखांहून अधिक रेणू, म्हणजे दहा लाख अणू, आणि त्यातले जवळपास सगळे नुसते पाणी. म्हणून बहुतेक सिम्युलेशनमध्ये द्रावण प्रत्यक्षापेक्षा दाट घेतात. लेखाच्या तपशिलात ते लिहिलेले असते. चित्रफितीत ते कळत नाही.

यातून सुटण्यासाठी अणूंची मोळी बांधायची पद्धत आली. ग्रोनिंगनच्याच ‘मार्टिनी’ पद्धतीत ढोबळ मानाने चार जड अणूंचा एक मणी करतात, पाण्याच्या चार रेणूंचाही एक. नाव मद्याचे वाटते. ते त्या शहरातल्या मार्टिनी मनोऱ्याचे आहे. पावले मोठी पडतात, पिशव्या बनताना दिसतात, आणि त्या बदल्यात हायड्रोजन बंधांसारखे बारकावे सोडून द्यावे लागतात. मेदाम्लांच्या बाबतीत नेमका तोच बारकावा कळीचा असतो.

एकटे मेदाम्ल पाण्यात असते तेव्हा सामू ४.८ च्या आसपास निम्म्या डोक्यांवरचा हायड्रोजन निघून गेलेला असतो. हा पाठ्यपुस्तकातला आकडा. पण ओलेइक आम्लाचे साचलेले थर घेऊन अल्कली घालत गेले तर तोच टप्पा साडेआठच्या आसपास किंवा त्याहूनही वर येतो. जवळजवळ चार अंकांची तफावत, आणि सामूच्या मोजपट्टीवर चार अंक म्हणजे दहा हजारपट! कारण गर्दीचेच. ऋण भाराची डोकी खेटून उभी असताना आणखी एकाने हायड्रोजन सोडायचा तर शेजाऱ्यांचा भार आडवा येतो, म्हणून ती हायड्रोजन धरून ठेवतात. अर्धी डोकी भारित, अर्धी बिनभाराची झाली की ती एकमेकांशी हायड्रोजन बंधाने जखडतात आणि गोळ्याऐवजी दुहेरी पापुद्रा सोयीचा होतो. त्यामुळे ओलेइक आम्ल सामू १० च्या वर मिसेल करते, साडेआठच्या सुमारास पाण्याने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या आणि त्याखाली उतरले की तेलाचे थेंब. एकच रेणू, तीन रूपे.

रूढ सिम्युलेशनमध्ये मात्र कोणत्या डोक्यावर हायड्रोजन आहे हे सुरुवातीलाच लिहून द्यावे लागते आणि मग ते बदलत नाही. तीन रूपांपैकी कोणते दिसणार हे अशाने आपणच आधी ठरवून टाकतो. डोक्यांना हायड्रोजन घेण्या-सोडण्याची मुभा देणारी सिम्युलेशने २०१२-१३ च्या सुमारास मेदाम्लांवर झाली आणि ओलेइक आम्लाचा तेलापासून पिशवीपर्यंत आणि पिशवीपासून मिसेलपर्यंतचा प्रवास सामूनुसार उमटू लागला. ही प्रगती चार अंकांच्या तफावतीने करायला लावली. तो आकडा कुणी मोजला नसता तर जुनी, भार गोठवलेली सिम्युलेशनेही पटणारीच दिसली असती.

या पिशव्यांचे महत्त्व साबणाच्या पलीकडचे आहे. १९७३ मध्ये गेबिकी आणि हिक्स यांनी असंपृक्त मेदाम्लांपासून त्या बनवल्या. डेव्हिड डीमर यांनी साध्या, एका शेपटीच्या रेणूंपासूनही त्या होतात हे दाखवले आणि १९८५ मध्ये १९६९ साली ऑस्ट्रेलियात मर्चिसन येथे पडलेल्या अशनीतून काढलेल्या पदार्थांपासून पापुद्रे घडवले. पापुद्रा घडवून देणारे एंझाइम नसताना पहिल्या पेशीचे कुंपण कशाचे झाले असेल, याचे मेदाम्ल हे आजही सर्वांत पटणारे उत्तर आहे. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुधा राजामणी यांचा गट अशाच आदिम पापुद्र्यांवर प्रयोग करतो, आणि आयसर एनसीएलच्या शेजारीच आहे. या उत्तराची नड मॅग्नेशियम आहे. आरएनएच्या रासायनिक कामांना मॅग्नेशियमचे आयन लागतात, आणि तेच आयन मेदाम्लाच्या डोक्यांना धरून त्यांचा साका करतात. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस न येता बादलीच्या कडेला पांढरट, चिकट थर धरतो, ती हीच क्रिया. तिथे कॅल्शियम पुढे असतो इतकेच. अदामला आणि शोस्टाक यांनी २०१३ मध्ये सायट्रेट घालून मॅग्नेशियमला आवर घातला आणि पिशवी टिकवून आरएनएची प्रत निघू दिली.

दोन भार असलेल्या या आयनांपाशी संगणकही अडखळतो. नेहमीच्या पद्धतीत कॅल्शियमवर पूर्ण दोनचा भार ठेवला की तो मेदाम्लाच्या डोक्याला प्रमाणाबाहेर चिकटतो, कारण आजूबाजूच्या इलेक्ट्रॉनांच्या प्रतिसादाने भार प्रत्यक्षात काहीसा झाकला जातो, ते त्या गणितात नसते. भार कृत्रिमरीत्या पाऊणपट करून हे सुधारायची रीत गेल्या काही वर्षांत रुळली आहे. काही ठिकाणी ती चांगली चालते. किती पट, हे ठरवताना शेवटी मोजलेल्याच आकड्यांकडे जावे लागते.

औषधनिर्मितीही आता या वळणावर आहे. मधुमेहावरच्या सेमाग्लुटाइडची पोटात घ्यायची गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मान्य झाली. तिच्यात आठ कार्बनच्या कॅप्रिलिक आम्लापासून बनवलेला एक साहाय्यक पदार्थ असतो. दहा कार्बनचे सोडियम कॅप्रेटही आतड्यातून औषध शिरवण्यासाठी अभ्यासले गेले आहे. आतड्यात पित्तक्षार, अन्नातले मेदाम्ल आणि असा साहाय्यक यांची एकत्र गर्दी होते, तीही हलत्या सामूमध्ये. इतकी खिचडी प्रयोगाने उलगडणे कठीण, म्हणून इथे सिम्युलेशनची मदत खरी. आणि चुकीला सर्वांत मोठी किंमतही इथेच.

आपल्याकडे यंत्रांची उणीव आता पूर्वीसारखी नाही. हवे ते यंत्र अमेरिकेने देण्याचे नाकारल्यावर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक आला, आणि २०१५ च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून आयसर पुण्यात बसलेल्या परम ब्रह्मची क्षमता ७९७ टेराफ्लॉप आहे, म्हणजे सेकंदाला सुमारे आठशे लाख कोटी आकडेमोडी. यंत्राला नारळ फोडता येतो, त्याचे छायाचित्र निघते. दवबिंदूच्या नळीपुढे तासन्तास बसणाऱ्या विद्यार्थ्याचे छायाचित्र कुणी काढत नाही, आणि त्याच्या तीन वर्षांच्या कामातून निघालेला तक्ता नामांकित नियतकालिकात जाणे अवघड. सिम्युलेशन करणाऱ्या विद्यार्थ्याला अशा तक्त्याची गरज पडते तेव्हा तो शंभर वर्षांपूर्वीच्या ब्रिस्टलकडे किंवा हायडेलबर्गकडे वळतो, आणि तिथे असतो तो शुद्ध सोडियम पाल्मिटेटचा आकडा. कोकम, करंज, उंडी यांच्या तेलांत मेदाम्लांची मिश्रणे असतात. आणि आपले पाणी दख्खनच्या खडकातून कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन आलेले असते.

आमची सूचना साधी आहे आणि तिला फार पैसाही लागत नाही. सार्वजनिक महासंगणकावर मेदाम्ल किंवा तत्सम रेणूंसाठी वेळ मागणाऱ्याने अर्जातच लिहावे की त्याचे उत्तर कोणत्या मोजलेल्या आकड्यापुढे उभे राहणार आहे, आणि कोणता आकडा आला तर ते चुकले असे तो मानेल. असा आकडा उपलब्ध नसेल तर वेळेबरोबर तो मोजायचे पैसेही मंजूर व्हावेत: एक वाहकतामापक, एक पृष्ठताणमापक, एक प्रकाश-प्रकीर्णन यंत्र आणि त्यामागे बसायला दोन माणसे. महासंगणकाच्या वीजबिलापुढे हा खर्च किरकोळ आहे. सुरुवात ओलेइक आम्ल आणि कॅल्शियमपासून करता येईल: सामू आठ ते दहा, कॅल्शियम आपल्या विहिरींत आढळते तेवढे, आणि प्रत्येक ठिकाणी किती आयन चिकटले, किती सुटे राहिले, एवढेच मोजायचे. शुद्ध ओलेइकचा तक्ता झाला की मग कोकमाच्या तेलाचा साबण घ्यावा.